मागच्या बाकावरून पाहिलेले उन्हाळी इंग्रजी शिबिर

वार्षिक परीक्षा आटोपल्या की सोलापूरच्या चौकाचौकांत दोन प्रकारचे फलक वाढतात, एक कूलरचे आणि दुसरे उन्हाळी शिबिरांचे. पोहणे, स्केटिंग, अबॅकस आणि सुंदर हस्ताक्षर यांच्या जोडीला आता इंग्रजी संभाषणाच्या शिबिरांनीही चांगलाच जम बसवला आहे, आणि थोड्याच दिवसांत अस्खलित इंग्रजी बोलायला लावण्याचे आश्वासन त्यांच्या बहुतेक फलकांवर मोठ्या अक्षरांत असते. त्या आश्वासनाकडे मी दुर्लक्ष करते. शेवटच्या दिवशी माईकसमोर कोण किती छान बोलले यावरून शिबिराची पारख होत नाही, कारण तो मुलगा शिबिराला आला नसता तरी बोललाच असता. जो मुलगा भिंतीकडची जागा धरून बसतो, प्रश्न आला की वहीत डोके घालतो आणि ‘येस मॅडम’च्या पलीकडे जात नाही, त्याचे त्या पंधरवड्यात काय झाले, एवढेच मी पाहते. होटगी रस्त्याच्या बाजूला एका शाळेच्या इमारतीत यंदा भरलेल्या शिबिराचे हे परीक्षण त्याच दृष्टीने लिहिले आहे. आयोजकांचे नाव मुद्दाम देत नाही, कारण ज्या त्रुटी पुढे लिहायच्या आहेत त्या या एकाच संस्थेपुरत्या नाहीत.

मी मराठी माध्यमाच्या माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवते. माझी भाची सातवी संपवून आठवीत गेली आहे. घरी तिच्या बडबडीने कान किटतात. इंग्रजीच्या तासाला मात्र तिचा आवाज कोणी ऐकलेला नाही, आणि तसा शेरा तिच्या प्रगतिपुस्तकात दोन वर्षे सलग आलेला आहे. भावाने तिचे नाव शिबिरात घातले आणि ने-आण करण्याचे काम सुट्टीत मोकळ्या असलेल्या आत्याकडे आले. पालकांनी आधी सांगितले तर त्यांना मागच्या बाकावर बसून तास पाहता येत होता. ही मुभा शिबिराच्या जाहिरातीत कुठेही नव्हती, पण माझ्या मते ती त्यांच्या जमेच्या बाजूची पहिली गोष्ट होय. दार लावून शिकवणाऱ्या शिबिरांत आत नेमके काय चालते हे पालकांना कधीच कळत नाही.

व्यवहाराच्या गोष्टी थोडक्यात सांगते. वेळ सकाळी ७.३० ते १०.३० अशी होती, आणि बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या उन्हात ती शहाणपणाचीच म्हणायला हवी. फी २,८०० रुपये, त्यात वही, कामाचे कागद आणि मधल्या सुट्टीचा खाऊ धरलेला. पाचवी ते सातवीचा एक गट आणि आठवी ते दहावीचा दुसरा; सातवी नुकतीच संपवलेल्यांना लहान गटात बसवले होते. एका खोलीत सुमारे तीस मुले, एक मुख्य प्रशिक्षिका आणि मदतीला महाविद्यालयात शिकणारे दोघे, ज्यांना मुले ताई आणि दादा म्हणत. खाऊला कधी चुरमुऱ्यांचा सुशीला, कधी राजगिऱ्याचा लाडू. पंखे चालू होते, पण पिण्याच्या पाण्याचे पिंप नऊ वाजताच रिकामे होई. नळाला रोज पाणी न येणाऱ्या या शहरात राहणाऱ्या आयोजकांनी एक जार जास्त मागवून ठेवायला काय हरकत होती, हे मला समजले नाही.

आता मुख्य विषयाकडे येते. सोलापूरच्या मुलाला गप्प म्हणताना जरा जपून म्हणावे लागते. पूर्व भागातल्या पद्मशाली घरांत तेलुगू बोलली जाते, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडून आलेल्या कुटुंबांत कन्नड असते, गल्लीत हिंदी-उर्दूची सरमिसळ आणि शाळेत मराठी. या खोलीतली निम्मीअधिक मुले दिवसाकाठी दोन-तीन भाषांतून बिनधास्त ये-जा करणारी होती. शिवाय महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे सातवीच्या मुलाच्या कानांवर सात वर्षे ही भाषा पडलेली असते. त्याला धडा वाचता येतो, प्रश्नाखाली उत्तर लिहिता येते आणि कविता तर तोंडपाठ असते. तरीही तो बोलत नाही, याचे एक कारण मला माझ्याच वर्गात रोज दिसते : आम्ही शिक्षक ज्याचे उत्तर आम्हाला आधीच ठाऊक आहे तेच विचारतो. मुलाने उत्तर दिले नाही तर कोणाचे काही अडत नाही, आणि चुकीचे दिले तर मागून हसण्याचा आवाज मात्र हमखास येतो. अशा व्यवहारात गप्प राहणे हाच हुशारीचा मार्ग ठरतो. दुसरे कारण हसू हेच. इंग्रजी माध्यमाची चार मुले त्याच खोलीत असली की मराठी माध्यमाचे मूल तोंड उघडण्यापूर्वीच मनातल्या मनात स्वतःला गुण देऊन बसते, आणि ते गुण नेहमी कमीच असतात.

या शिबिरातल्या प्रशिक्षिकांनी पहिल्या दिवशी कोणालाही उभे करून ‘स्वतःची ओळख करून द्या’ असे सांगितले नाही, तेव्हाच मी सावरून बसले. बहुतेक शिबिरांची सुरुवात तिथूनच होते आणि मागच्या बाकावरची मुले पहिल्या अर्ध्या तासातच हातची जातात. इथे हजेरीपासून सुरुवात झाली. नाव पुकारल्यावर ‘प्रेझेंट’ म्हणायचे नाही. त्या दिवशी ठरलेल्या विषयातला एक शब्द सांगायचा. पहिल्या दिवशी सकाळी खाल्लेला पदार्थ, दुसऱ्या दिवशी अंगणात किंवा जिन्यात दिसलेली एखादी वस्तू, पुढे एखादी आवडती आणि एखादी नावडती गोष्ट. भाकरी म्हटले तरी चालत होते, पोहे म्हटले तरी चालत होते. एका शब्दात चुकायला जागाच नसते, आणि प्रत्येक मुलाचा आवाज रोज निदान एकदा खोलीत उमटतो. सहाव्या-सातव्या दिवसापर्यंत तो शब्द न सांगता वाक्याचा झाला होता आणि तो केव्हा झाला हे मुलांच्याही लक्षात आले नव्हते.

दुसरी गोष्ट थांबण्याची. प्रश्न विचारून झाल्यावर प्रशिक्षिका खरोखर थांबत. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७४ मध्ये मांडलेले निरीक्षण शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे : शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी सेकंदभरच वाट पाहतात आणि ती वाट तीन सेकंदांपर्यंत किंवा त्याहून पुढे नेली की उत्तरे लांबतात, ‘माहीत नाही’ म्हणणारे कमी होतात आणि एरवी न बोलणारी मुले बोलू लागतात. आम्ही सगळे हे डी.एड., बी.एड.ला लिहून गुण मिळवतो, मात्र वर्गात गेल्यावर तीन सेकंदांची शांतता आम्हालाच सोसत नाही आणि पहिल्या बाकावरच्या उंचावलेल्या हाताकडे आम्ही बोट दाखवतो. या बाईंनी हात वर करायलाच बंदी घातली होती. प्रश्नानंतर सर्वांनी आधी वहीत दोन ओळी लिहायच्या, मग शेजाऱ्याला वाचून दाखवायच्या, मग दोन जोड्यांनी एकत्र बसायचे आणि त्यानंतरच कोणीतरी खोलीला सांगायचे. ही पद्धत फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये मांडली आणि तिच्यात नवे असे काही राहिलेले नाही, पण ती इतकी नेटाने पाळलेली मी क्वचितच पाहिली आहे. गप्प मुलाला खोलीसमोर स्वतःचे वाक्य जुळवावे लागत नाही. हातात लिहिलेले असते आणि एकदा शेजाऱ्याला ऐकवून झालेले असते.

मला सर्वांत अधिक आवडलेला तास डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्यावरचा होता. मजकूर आपल्या गावचाच. त्यांच्या चरित्राचे चार तुकडे करून चार कागदांवर छापले होते. पहिल्यात १९१० मधला सोलापूरचा जन्म आणि मुंबईतले वैद्यकीय शिक्षण. दुसऱ्यात १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकाबरोबर चीनला जाणे. तिसऱ्यात तिथल्या आघाडीवरच्या शस्त्रक्रिया, रुग्णालयाची जबाबदारी आणि परिचारिका को छिंग-लान यांच्याशी झालेला विवाह. चौथ्यात १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुलाचा जन्म आणि त्याच वर्षी ९ डिसेंबरला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, डॉक्टरांचा मृत्यू. चौघांच्या गटात प्रत्येकाला एकच तुकडा मिळाला. आधी सर्व पहिला तुकडावाले एकत्र बसले, सर्व दुसरा तुकडावाले एकत्र बसले, शब्दांचे अर्थ एकमेकांना विचारून घेतले, आणि मग आपापल्या गटात परत येऊन कागद उलटा ठेवून सांगायचे होते. गटाला एक कोरा तक्ता भरून द्यायचा होता आणि तो चौघांच्या माहितीशिवाय पूर्ण होणारच नव्हता.

भाचीकडे चौथा तुकडा आला. तिच्या गटातला एक मुलगा इंग्रजी माध्यमाचा, फाडफाड बोलणारा. त्याने आपला भाग एका दमात सांगून टाकला आणि पेन घेऊन बसला. भाची गप्प. त्याच्या तक्त्यातल्या शेवटच्या तीन चौकटी रिकाम्या होत्या. पहिल्यांदा त्याने इंग्रजीत विचारले, मग वैतागून, ‘सांग की बे पुढं काय झालं!’ भाची म्हणाली, ‘सन इज थ्री मंथ्स. देन ही डाईड.’ मुलाने लिहायला सुरुवात केली आणि थांबला. ‘हू डाईड? सन?’ ‘नो, नो! फादर. डॉक्टर.’ हे ‘नो, नो’ इतक्या मोठ्याने आले की बाजूच्या गटाने वळून पाहिले. व्याकरण शोधायला गेले तर त्या चार वाक्यांत दोन-तीन चुका सहज निघतील. पण समोरच्याचा गैरसमज झाला आहे हे ओळखून तो तिथल्या तिथे इंग्रजीत दुरुस्त करणे हे सात वर्षांच्या शाळेत तिने एकदाही केले नसावे, कारण तिच्याजवळ असलेली माहिती दुसऱ्या कोणाला हवी आहे असा प्रसंगच कधी आला नव्हता. त्या दिवशी घरी जाताना भैय्या चौकाकडून जायचे का, तिथे त्यांचे स्मारक आहे ना, असे तिनेच मला विचारले.

हा तुकड्यांचा प्रकार एलियट ॲरनसन या मानसशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात बसवला. तिथल्या शाळांत गोरी, कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाची मुले तेव्हा नुकतीच एका वर्गात आली होती आणि वर्गांत तेढ होती. प्रत्येक मुलाशिवाय बाकीच्यांचे अडेल अशी कामाची रचना करणे हा त्यावरचा उपाय होता. आपल्याकडचा प्रसंग तितका टोकाचा नाही, तरी कॉन्व्हेंटचे मूल आणि महापालिकेच्या शाळेचे मूल एका बाकावर बसल्यावर कोणी बोलायचे आणि कोणी ऐकायचे हे न सांगता ठरलेले असते, एवढे साम्य आहे. भारतीय संदर्भ हवा असेल तर एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगळूर आणि दक्षिणेतल्या इतर काही ठिकाणच्या साध्या शाळांत केलेला प्रयोग आहे. नकाशे, वेळापत्रके अशा कोड्यांभोवती त्यांनी इंग्रजीचा तास उभा केला, आणि एकाजवळची माहिती दुसऱ्याकडे पोहोचवणे हा त्यातल्या कामांचा एक प्रकार होता. शिबिराच्या प्रशिक्षिका या परंपरेत बसतात की नाही हे त्यांना विचारण्याचा प्रसंग आला नाही, पण त्यांचे कामाचे कागद पाहिले तर त्या विचाराची छाया स्पष्ट दिसते.

बोलक्या मुलांना आवरणे हा या कामाचा दुसरा अर्धा भाग आहे आणि त्याकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. इथे त्यासाठी चिंचोके होते. गटचर्चेपूर्वी प्रत्येकाला तीन चिंचोके मिळत. बोलायचे असेल तर एक मध्ये ठेवायचा, आणि आपले संपले की इतरांचे संपेपर्यंत फक्त ऐकायचे. पहिल्या दिवशी फजितीच झाली. गप्प मुलांनी ‘येस’, ‘ओके’, ‘मी टू’ असे म्हणून आपले चिंचोके दोन मिनिटांत खपवले आणि मोकळी झाली. दुसऱ्या दिवशी नियम बदलला : तीनपैकी एक चिंचोका फक्त प्रश्न विचारण्यासाठी. प्रश्न विचारण्यासाठी आधी दुसऱ्याचे ऐकावे लागते, आणि प्रश्नाचे शब्द भिंतीवरच्या तक्त्यावर लिहिलेले होते, त्यामुळे वाक्य कुठून आणायचे हा धाक उरला नाही. आपली युक्ती फसल्याचे पाहून ती दुसऱ्याच दिवशी बदलणारे प्रशिक्षक मला पुस्तकी पद्धत बिनचूक राबवणाऱ्यांपेक्षा अधिक विश्वासाचे वाटतात.

अशोक चौकाच्या बाजूने येणारा एक मुलगा पहिले काही दिवस हजेरीच्या शब्दापलीकडे गेला नव्हता. घरात तेलुगू, वडील यंत्रमागावर. ‘माय हॉबी’ या विषयावर त्याने कागद कोरा दिला, आणि खरे सांगायचे तर त्या विषयावर सांगण्यासारखे त्याच्याजवळ काही नसणार हे उघड होते. नंतरच्या एका तासाला काम असे होते की घरातल्या कोणाचा तरी उद्योग शब्दांत सांगायचा, ऐकणाऱ्या तिघांनी त्याचे चित्र काढायचे आणि चित्र जमत नसेल तर विचारायचे. या मुलाने टॉवेलचा माग निवडला. ‘टू बीम,’ तो म्हणाला. बीम म्हणजे मागावरचा सूत गुंडाळलेला रूळ. एकाने एकच बीम काढला. ‘नो, टू. वन टाईट, वन लूज.’ मग लूज कशाला, असा प्रश्न आला. तोही इंग्रजीतच, कारण चिंचोका टाकायचा होता. त्याने स्वतःच्या खिशातला रुमाल काढला, बोटाने त्याला एक बारीक फुगवटा दिला आणि म्हणाला, ‘लूज थ्रेड मेक लूप. लूप ड्रिंक वॉटर.’ टॉवेल पाणी का शोषतो याचे यापेक्षा नेमके स्पष्टीकरण मला तरी इंग्रजीत पटकन देता आले नसते. ताईंनी ‘येस, द लूज थ्रेड मेक्स द लूप’ असे म्हणून त्याचेच वाक्य नीट करून परत दिले आणि पुढे जाऊ दिले. त्याला थांबवले नाही, ‘मेक्स’वर बोट ठेवले नाही, फळ्यावर नियम लिहिला नाही. चुका काढण्याचा तास वेगळा होता, शेवटची पंधरा मिनिटे, आणि त्यात कोणाची चूक आहे हे न सांगता सर्वांच्या वाक्यांतून पाच-सहा निवडून दुरुस्त केली जात.

इथवरचे सगळे लहान गटाच्या खोलीतले. मोठ्या गटाच्या खोलीत चित्र निराळे होते आणि एकाच छताखाली इतका फरक कसा राहू दिला याचे मला आश्चर्य वाटले. तिथे मराठी शब्द तोंडातून निघाला की एक रुपया दंड, आणि दंडाचा डबा टेबलावर सर्वांना दिसेल असा ठेवलेला. शिस्त म्हणून पालकांना हा प्रकार आवडतो. फाटकाशी उभ्या असलेल्या दोघा-तिघांनी त्याचे कौतुक केलेले मी ऐकले. त्याचा परिणाम मात्र मागच्या बाकावरून स्वच्छ दिसत होता. ज्यांना इंग्रजी येते त्यांना दंडाची भीती नव्हती आणि ज्यांना येत नाही त्यांनी तोंडच बंद केले. शेजाऱ्याला ‘म्हणजे काय करायचंय?’ एवढे विचारायचीही सोय राहिली नाही, त्यामुळे खेळाचा नियमच न समजलेली मुले खेळात नुसती उभी होती आणि प्रशिक्षक त्यांना उत्साह नसलेली ठरवत होते. लहान गटात सूचना आधी इंग्रजीत, मग एखाद्या मुलाला ‘मराठीत सांग पाहू’ असे म्हणून पुन्हा, आणि मग करून दाखवून अशा दिल्या जात. त्यात मिनिटभर जास्त जाई, पण काम सर्वांना समजलेले असे. हे मी मोठ्या गटाच्या सरांशी बोलले. त्यांनी ऐकून घेतले, डबा मात्र शेवटपर्यंत तसाच होता.

लहान गटाचेही सगळेच बरे होते असे नाही. दुसऱ्या आठवड्यात मदतीचे दादा येईनासे झाले आणि त्यांची भरपाई कोणी केली नाही. तीस मुलांचे सात-आठ गट होतात. तेवढ्यांकडे दोघींनी लक्ष देणे अशक्य होते आणि कोपऱ्यातल्या गटांत काम पुन्हा जुन्याच वाटेने, म्हणजे एकाने करायचे आणि तिघांनी पाहायचे, असे होऊ लागले. गट पाडतानाही नंतर नंतर मुलांच्या पसंतीवर सोडण्यात आले. मैत्रिणीसोबत बसले की गप्प मूल मोकळे होते हे खरे, पण ते मैत्रिणीच्या मागे लपतेही. तिसरी गोष्ट मोबाईलची. पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर रोज मुलांच्या बोलण्याच्या चित्रफिती येत. साहजिकच त्या बोलक्या मुलांच्या असत, आणि संध्याकाळी घरोघरी ‘तू का नाही दिसलीस?’ हा प्रश्न सुरू होई. सकाळी तीन तास खपून घालवलेली भीती संध्याकाळी पालकांनीच परत आणून ठेवण्याचा हा उद्योग आयोजकांनी पहिल्याच दिवशी थांबवायला हवा होता. आम्हा मोठ्यांनाही शिबिराच्या सुरुवातीला अर्धा तास बसवून दोन गोष्टी सांगायला हरकत नव्हती. ‘आज इंग्रजीत काय बोललीस, बोलून दाखव’ हे फाटकाशीच विचारू नका, ही त्यातली पहिली.

समारोपाच्या कार्यक्रमाबद्दल लिहावे तितके थोडे. पाहुणे तासभर उशिरा आले, सत्कार झाले, आणि ज्या शिबिराने बारा दिवस कोणाला उभे करून भाषण करायला लावले नव्हते त्याने तेराव्या दिवशी नेमके तेच केले. निवडक मुलांची पाठ केलेली भाषणे झाली, ‘बेस्ट स्पीकर’ची पदके वाटली गेली आणि उरलेल्या मुलांच्या हातांत इंग्रजी सुविचारांचे फलक देऊन त्यांना मागे रांगेत उभे केले गेले. टॉवेलवाला मुलगा त्या रांगेत होता. त्याऐवजी पालकांना खोलीत बोलावून चार-चार मुलांच्या टेबलांवर बसवले असते, आणि मुलांनी पालकांना कोटणिसांचे तुकडे किंवा घरचा उद्योग सांगितला असता, तर प्रत्येक मूल बोलले असते आणि मंडपाचा खर्चही वाचला असता. बहुधा जाहिरातीचे छायाचित्र व्यासपीठावरच चांगले येते.

फायदा किती झाला, असे मला विचारले जाते. भाची अस्खलित बोलू लागलेली नाही आणि पंधरवड्यात तसे होईल ही अपेक्षाही नव्हती. पूर्ण खोलीसमोर ती शेवटपर्यंत स्वतःहून उठली नाही. चौघांच्या गटात मात्र ती आता प्रश्न विचारते, न समजल्यास ‘सॉरी, अगेन?’ म्हणते, आणि चुकल्यावर मान खाली न घालता वाक्य पुन्हा सुरू करते. टॉवेलवाल्या मुलाने मागाच्या तासानंतर आणखी दोनदा गटाच्या वतीने सांगितले. एक मुलगी मात्र हजेरीच्या शब्दापलीकडे अखेरपर्यंत गेली नाही. तिला कोणी ओढून-ताणून उभे केले नाही हे चांगलेच झाले. वेळ मोजणे, तक्ता भरणे अशी न बोलता करायची कामे तिला मिळत राहिली आणि ती ती चोख करत होती. काही मुले आधी बराच काळ नुसती ऐकतात, आणि त्यांचे ऐकणे वाया जात नसते. तिच्या आईला प्रशिक्षिकांनी हे समजावून सांगितले, एवढ्यावरून मी त्यांना जास्तीचे गुण देईन.

पाचवी ते सातवीच्या मुलांसाठी हे शिबिर त्याच्या फीच्या मानाने निश्चित चांगले आहे, विशेषतः मूल मराठी माध्यमाचे आणि बुजरे असेल तर. आठवीच्या पुढच्यांसाठी मी सध्या शिफारस करणार नाही. दंडाचा डबा उचलला गेला आहे असे कळले तर मत बदलेन. दुसरीकडे कुठे नाव घालायचे असेल तर फलकावरच्या आश्वासनापेक्षा तीन गोष्टींची चौकशी अधिक उपयोगी पडेल : एका गटात किती मुले बसवतात, मूल गप्प राहिले तर काय करतात, आणि मराठी बोलल्यास काय होते. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर अभिमानाने ‘आमच्याकडे मराठी चालतच नाही’ असे आले तर बुजऱ्या मुलाला तिथे पाठवू नये.

दिवाळीच्या सुट्टीत याच इमारतीत आठ दिवसांची पुढची तुकडी निघणार असल्याचे आयोजकांनी सांगितले आहे. भाचीचे नाव घालायला हरकत नाही, पण या वेळी मदतीची माणसे शेवटपर्यंत राहणार का आणि ती कमी पडली तर फीचा काही भाग परत मिळणार का, हे पावती फाडण्यापूर्वी विचारून घे, असे मी भावाला कळवले आहे. पाण्याची बाटली घरून मोठीच द्यावी.